गुरुजींचं ‘बरोबर’

१० जुलै, गुरुवार. आषाढ पौर्णिमा

बोलले! गुरुजी बोलले! अक्षर वाकडं येतंय — येऊ दे.

आज वर्षावास सुरू झाला. पावसाळ्याचे तीन महिने आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं आणि वाचणारे दरवर्षी आमचेच गुरुजी — माझा नवरा, पण गावासारखी मीही गुरुजीच म्हणते. यंदा ते कडेला खुर्चीवर, ऐकायला. मार्चमध्ये झटका आला. उजवी बाजू लुळी पडली होती, ती अकोल्याच्या दवाखान्यात बरीच सुधारली, काठी घेऊन चालतात. वाचा मात्र गेली. एकच शब्द उरला — ‘बरोबर’. आयुष्यभर पोरांना तेच म्हणत आले, म्हणून असेल. चहा हवा — बरोबर. चहा नको — बरोबर. लुंगी सुटली — बरोबर! चिडले तरी तेच, फक्त मोठ्यानं.

तर वंदना सुरू झाली. सगळ्यांबरोबर मी त्रिसरण म्हणतेय आणि माझ्या कानाशी त्यांचा आवाज! तोच जाडसर, थोडा नाकातला. एकही पाली शब्द चुकला नाही. पंचशील पुरं केलं. मी म्हणायची थांबलेच. पुढे बसलेल्या बाया वळून बघायला लागल्या.

वंदना संपली आणि मी कडूबाकाकांच्या हातातून माईकच ओढला. काका विहाराचं सगळं पाहतात, ऐंशीच्या पुढचे — ते नुसते हसले. मी ओरडले, “गुरुजी बोलले! उद्या सगळ्यायले माझ्याकडून खीर!” एस.टी.त कंडक्टरकी करणारा गळा आहे, मार्चपासून रजेवर असला तरी. माईक नसता तरी अख्ख्या डोणगावनं ऐकलं असतं.

११ जुलै, शुक्रवार

सकाळी चहा समोर ठेवला आणि म्हटलं, “आता मला हाक मारा.” मला ते माया म्हणतात. महामाया एवढं लांब नाव त्यांनी कधी घेतलं नाही.

बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले. ओठ हलले. मग म्हणाले, “बरोबर.”

पुन्हा विचारलं. बरोबर. हे काय आहे म्हणून कप दाखवला. बरोबर. मी कप आदळला, चहा सांडला, त्यांनी डाव्या हातानं आपल्या रुमालानं पुसला.

दूध सांगून ठेवलेलं. खीर करावीच लागली. संध्याकाळी वाटी वाटी वाढताना जो तो विचारतोय, “का म्हन्ते मंग गुरुजी?” आणि गुरुजी प्रत्येकाला, हसून, ‘बरोबर’. खीर मात्र दोनदा मागून घेतली मेल्यांनी.

शेजारच्या विमलबाई घरी येऊन म्हणाल्या, “माया, अंगारा आनून देऊ का वो? लावून तं पाह्य, का बिघडते?” मी म्हटलं, “मेंदूतली शीर बंद पडली बाई. कपाळाले लावून का करू?” उगाच तोडून बोलले. त्यांनी पाठवलेली दोडक्याची भाजी रात्री दोघांनी मिटक्या मारत खाल्ली.

१४ जुलै, सोमवार

बुलढाण्याला जाऊन आलो. सुवर्णा मॅडमकडे — बोलायला शिकवतात त्या.

मेहकरहून पुढच्या गाडीवर कंडक्टर आमचाच गोकुळ निघाला. मला सीटवर बसलेली बघून म्हणतो, “ताई, तुमी बसेल पाह्यल्या का मले गाडी उलटी चालून राह्यली असं वाट्टे.” मलाही. कोणी दारात लोंबकळलं की जीभ शिवशिवायची. चिखलीत एक बाई चढता चढता गोकुळनं बेल मारली. मी इथून ओरडले — थांब बे! गाडी थांबली. गोकुळ हसला, मीही.

मॅडमना सगळं सांगितलं, खिरीसकट. पोरगी आहे वयानं, पण समजावून सांगते. म्हणाली, लहानपणापासून हजारदा म्हटलेलं मेंदूत वेगळ्या जागी असतं — प्रार्थना, गाणी, पाढे. ते आपोआप येतं. स्वतःचं बोलायचं म्हटलं की शब्द शोधून आणावा लागतो आणि ह्यांची ती वाटच बुजलीय. म्हणजे वंदना म्हणाले ते बोलणं नव्हे.

मी विचारलं, “मग बोलणार कधी?”

“सांगता येत नाही. बोलतीलच, असंही सांगता येत नाही. पण मावशी, एक करा. त्यांच्या तोंडात शब्द टाकू नका. अर्धं वाक्य म्हणा आणि थांबा. कितीही वेळ लागू दे.”

थांबा म्हणे! मला! मी आयुष्यभर गाड्या वेळेवर सोडल्यात.

१५ जुलै, मंगळवार

“आपण खातो ज्वारीची —” असं म्हटलं आणि थांबले. ते शोधतायत, शोधतायत, डोळे आढ्याला. “भाकरी!” मीच ओरडले. तीन वेळा तेच. शेवटी तोंडात लवंग धरली. लवंग असेतो बोलायचं नाही.

जीभ पोळली. भाकरी काही आली नाही.

१९ जुलै, शनिवार

कडूबाकाकांना चष्म्यातूनही दिसेना. गुरुजींच्या जागी आठवडाभर अडखळत वाचलं बिचाऱ्यांनी. आज ग्रंथ माझ्या पुढ्यात ठेवला. “तू वाच माय. गुरुजीच्या घरातलं वाचन घरातच राहू दे.”

मी कधी चार माणसांत काही वाचलेलं नाही. थांबे पुकारलेत फक्त. सुरू केलं आणि सुटलेच. दोन दिवसांचं एका दमात संपवलं. बाया पदराआड हसताहेत. एक म्हणाली, “माया, तिकिटं फाडून राह्यली का वो?” सगळं विहार हसलं. गुरुजी सुद्धा, खुर्चीत हलून हलून.

मार्चपासून ते असे हसले नव्हते. मग माझं वाचन गेलं उडत.

२ ऑगस्ट, शनिवार

पाऊस धरून बसलाय. विमलबाईंची नात पायल पाढे पाठ करायला आमच्या ओट्यावर. एकोणीसच्या पाढ्यात मधेच अडकली. आतून गुरुजींनी पुढचं उचललं आणि थेट शेवटाला नेऊन ठेवलं! पायल म्हणाली, “आजी, गुरुजीले तं येते!”

मी आता शहाणी झालेय. माईक शोधला नाही. पण गल्लीतली पोट्टी गोळा केली. संध्याकाळपर्यंत पाढ्यांचा नुसता गजर. गुरुजींचा चेहरा शाळेत असल्यासारखा. चुकलेल्या पोराकडे बोट रोखायचे आणि म्हणायचे, “बरोबर!” आणि त्या पोराला कळायचं की आपलं चुकलंय.

त्या पोरांना त्यांचं कळतं. मला अजून लवंग लागते.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

शाळेत झेंड्याला गेलो. राष्ट्रगीत पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणाले, कडक उभे राहून. मुख्याध्यापकांनी “सर, दोन शब्द” म्हटलं. मला घाम फुटला. गुरुजी उठले, सगळ्या पोरांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, “बरोबर.” पोरांनी टाळ्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं. बाकीच्यांच्या भाषणांपेक्षा बरंच झालं म्हणायचं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

डेपोतून फोन आला. साहेब चांगले आहेत, सरळ विचारलं — बाई, बिनपगारी रजा किती वाढवायची? दिवाळीच्या गर्दीआधी हजर व्हा, नाहीतर काय ते कळवा.

दिवसभर विचार केला. बाहेर बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, पोरं रंगानं माखलेली, आणि मी तांदूळ निवडत बसलेली. हजर झाले तर पहाटेची ड्युटी, आठवड्यातून एक रात्र बाहेरगावी मुक्कामी गाडीवर. ह्यांच्याजवळ कोण? अर्धं वाक्य म्हणून थांबणार कोण? वर्षभर असं कोणी थांबलं तर शब्द परत येतील, नाहीतर नाहीत — मॅडमचं म्हणणं मला तरी असंच कळलं. त्यांचा आवाज पाहिजे मला. दुसरं काही नको.

म्हणून संध्याकाळी समोर बसून सांगितलं. “मी नोकरी सोडते. वर्षावास झाला की राजीनामा देऊन येते. सोडू ना?”

“बरोबर.”

“खरंच सोडू?”

“बरोबर!” काठी आपटून म्हणाले.

दोनदा म्हणाले. माझ्यावरचं मोठं ओझं उतरलं. रात्री पुरणपोळी जरा जास्तच खाल्ली.

३० ऑगस्ट, शनिवार

साखर!!

चहा ओतला, म्हटलं, “चहात टाकतो आपण —” आणि लवंग चावत बसले. चहावर साय आली. बाहेरून भाजीवाला ओरडून गेला. विमलबाई दारात येऊन, माझी खूण बघून, पाऊल न वाजवता परत गेल्या. आणि मग, आडातून बादली वर यावी तसा हळूहळू शब्द आला — “सा... खर.”

पाढा नाही. वंदना नाही. शोधून आणलेला, त्यांचा स्वतःचा.

कोणाला सांगितलं नाही. दोघं गार चहा प्यायलो. इतका गोड चहा मी कधी प्यायले नसेन — गडबडीत साखर दोनदा पडली होती.

७ सप्टेंबर, रविवार. पौर्णिमा

हल्ली लवंगांचा डबा रिकामा होत नाही, लवंगेशिवायही थांबता येतं.

वाचनही बदललंय. मी गुरुजींकडे बघत वाचते. ते मान हलवतात तेव्हा पुढे, हलवत नाहीत तोवर थांबायचं. त्या थांबण्यात मलाही अर्थ कळतो. आधी मी नुसती पानं उलटायची. कालपासून शेवटच्या ओळीतल्या बाया पुढे सरकून बसायला लागल्यात.

खरं सांगायचं तर सुखात आहे मी. लग्नाला इतकी वर्षं झाली — ते शाळेत, मी गाडीवर. ते घरी यायचे तेव्हा मी निघायची. समता, आमची लेक, लहानपणी म्हणायची, “आई म्हंजे रविवारचा पाहुणा.” आता सकाळी दोघं ओट्यावर बसतो. ते डाव्या हातानं शेंगा सोलतात, मी बोलते, ते ऐकतात. पिठाच्या गिरणीचा आवाज येतो. घाई नाही. मेहकरची पहिली गाडी वळणावर हॉर्न देते तेव्हा तेवढी मान वर होते माझी. सवय आहे. जाईल.

२१ सप्टेंबर, रविवार

वाईट दिवस. ‘साखर’ पण गेली. आठवडाभर एक शब्द नाही. दुपारी ‘पंखा’साठी बसलो. मी थांबले, पुष्कळ थांबले, आणि एकदम माझा बांध फुटला. ओरडले — “किती वाट पाहू? तुमच्यासाठी सगळं सोडून बसले, एक पंखा म्हणता येत नाही?” त्यांनी समोरचं ताट ढकललं. वरण भिंतीपर्यंत. “बरोबर! बरोबर! बरोबर!”

भिंत पुसली आणि विहारात जाऊन बसले. वाचनाला अवकाश होता. कडूबाकाका झाडून घेत होते. रडत रडत सगळं सांगितलं. विचारलं, “काका, ते नाहीच बोलले तर?”

काकांनी झाडू भिंतीला टेकवला. “माई बायको मनकर्णा तीन वर्स खाटेवर होती. उठे ना, बोले ना. मी रोज दुपारी तिच्यापाशी बसून गावातलं सांगत होतो — कोनाची म्हैस व्याली, कोनाचं लगन जमलं. लोक म्हनत, येडा झाला कडूबा.”

“ऐकत होत्या का त्या?”

“मले का माहीत माय? ती ऐकते असं धरून चाललो मी. तेवढंच आपल्या हातात राह्यते. तू मातर गुरुजीची परीक्षाच घेऊन राह्यली रोज. थोडं गप्पा बी मार.”

घरी आले. म्हटलं, “चुकलं माझं.” मग पंखा नाही, भाकरी नाही — नुसतं सांगत बसले. गोकुळनं चिखलीच्या बाईला कसं लोंबकळत ठेवलं ते पुन्हा सांगितलं. एकदा मुक्कामी गाडीत कोणाची कोंबडी सुटली आणि ड्रायव्हरच्या खांद्यावर जाऊन बसली, ते सांगितलं. हसले. मीही किती दिवसांनी मोकळी बोलले! सांगता सांगता घंटीची दोरी ओढल्यासारखा हात वर गेला माझा. ते त्या हाताकडे बघत राहिले.

२४ सप्टेंबर, बुधवार

“पाणी.” कोणी विचारलं नव्हतं. आपणहून. मी गाडीच्या गोष्टी सांगत होते, मधेच.

२ ऑक्टोबर, गुरुवार. धम्मचक्र दिन

समता संभाजीनगरहून आली. तिथे दवाखान्यात नर्स आहे. पांढऱ्या कपड्यांत तिघं विहारात जाऊन आलो. गुरुजींनी तिला बघून “समू” म्हटलं! ती ढसाढसा रडली. मी पण रडले, आणि आत कुठेतरी थोडं लागलं. लेकीचं नाव आलं, माझं नाही. वेडी कुठली, असं मीच मला म्हणाले. येईल तेव्हा येईल.

स्वयंपाक करताना समता म्हणाली, “आई, राजीनामा नको देऊ ना. सकाळी एक बाई ठेवू, दुपारी विमलमावशी आहेत.”

“अगं, त्यांना विचारलंय मी. त्यांचंही तेच मत आहे.”

“ते काय म्हणाले?”

“बरोबर म्हणाले.”

समतानं माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलणार होती, पण कुकरची शिट्टी झाली आणि गुरुजी काठी टेकत आत आले. तिनं विषय सोडला.

६ ऑक्टोबर, सोमवार. आश्विन पौर्णिमा

वर्षावास संपला. शेवटचं पान मी वाचलं. सावकाश. विहार भरलेलं, दाराबाहेर चपलांचा खच. विमलबाईसुद्धा येऊन मागे बसल्या होत्या. वाचून झाल्यावर कोणी लगेच उठलं नाही. कडूबाकाकांनी माझ्या हातात फुलं दिली आणि म्हणाले, “पुढच्या साली बी तूच.” मी गुरुजींकडे बोट दाखवलं. काका म्हणाले, “दोघं वाचा. कोन नाही म्हन्ते?”

खीर झाली. ह्या वेळी सगळ्या बायांनी मिळून केली. मी फक्त ढवळली.

आता गुरुजी झोपलेत. माझा राजीनामा लिहून तयार आहे, उद्या सकाळच्या गाडीनं मेहकरला नेऊन देते. वाटलं होतं जड जाईल. नाही गेलं. आषाढात मला चमत्कार पाहिजे होता. आता रोजचा एखादा शब्द आला तरी पुरतो, नाही आला तरी दिवस वाया जात नाही. अमुक दिवसापर्यंत बोलाच, असं मी आता त्यांना म्हणत नाही आणि स्वतःलाही नाही. बोलतील हे मनात पक्कं धरलंय, तेवढ्यावर झोप लागते. नोकरी खूप केली. आता ह्यांच्याजवळ बसायचं. समाधान आहे.

७ ऑक्टोबर, मंगळवार

तयार होऊन निघाले. गुरुजी उंबऱ्यात उभे, काठी दारात आडवी. म्हटलं, “सरका, गाडी जाईल. राजीनामा द्यायचाय ना?” सरकेनात. ओठ हलायला लागले. मी थांबले. वळणावर हॉर्न वाजला, गाडी आली, गाडी गेली. मी थांबलेच होते.

“माया,” म्हणाले. “नाही.”

मग माझ्या हातातल्या कागदाकडे बोट करून पुन्हा — “नाही.”

म्हणजे पोळ्यापासून ते मला नाहीच म्हणत होते!